‘आज नको’ म्हणायला शीक

बेटा, तू विमान शिकायचं ठरवलंस आणि तुझी आई ‘माले भ्याव वाटस’ म्हणून बसली आहे. तिची समजूत घालायला मी येणार नाही. तिची भीती खरी आहे आणि ती तिच्यापाशी राहू दे. मला बोलायचंय ते तुझ्याशी. माझा जन्म हँगरमध्ये गेला, लहान विमानांची इंजिनं उघडण्यात आणि जोडण्यात. उडायला जाणारी आणि उडून येणारी कितीतरी माणसं पाहिली. त्यांतली जी सुखरूप म्हातारी झाली, त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती. ‘आज नको’ म्हणायला त्यांना कधी लाज वाटली नाही. भ्याव त्यांनाही वाटायचं. पण ते भ्याव त्यांनी हाताला कामाला लावलं होतं. टाकीचं झाकण, तेलाची काडी, बिजागरीची पिन, सगळीकडे त्यांचा हात फिरायचा आणि मगच पाय आत पडायचा.

आपल्या मुलखाला विमान नवं नाही. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला देशातला पहिला परवाना मिळाला, ते ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकले त्याच क्लबाने पुढे उड्डाणाचं शिक्षण जुहूच्या गर्दीतून आपल्या धुळ्याला आणलं. शिरपूरजवळ तांड्याच्या धावपट्टीवर पोरं शिकतात. जळगावचा विमानतळ २०१२ पासून आहे आणि २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने ज्या पाच ठिकाणी नव्या प्रशिक्षण संस्थांना जागा द्यायचं ठरवलं त्यात जळगाव होतं. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या चारकोपला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान जोडलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याला नोंदणी मिळाली आणि चाचणीसाठी ते उडालं २०२० मध्ये, आपल्या धुळ्याला. मधली वर्षं कागद, तपासण्या आणि परवानग्यांत गेली. लोक त्याला छळ म्हणतात. मी हँगरचा माणूस, मला त्यातली निम्मी तरी तपासणी हवीच वाटते.

आता तू ज्या विमानाच्या प्रेमात पडली आहेस त्याबद्दल. लाइट स्पोर्ट म्हणतात तो वर्ग अमेरिकेने २००४ मध्ये आखला. तेव्हाची अट अशी होती: जमिनीवरून उडणाऱ्याचं सगळं मिळून वजन ६०० किलोपर्यंत, दोनच आसनं, एकच इंजिन, आणि ४५ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटरला सुद्धा हवेत तरंगायला हवं. मायक्रोलाइट त्याहून हलकं, आपल्याकडे साडेचारशे किलोच्या आतलं. या वर्गातल्या कितीतरी विमानांना ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ इंजिन असतं. आपल्याकडे शिकवायला वापरतात ती इटलीची टेक्नाम विमानंही बरीचशी त्याच इंजिनावर चालतात.

यातली एक गोष्ट नीट ऐक. मोठ्या विमानाचा नमुना सरकारी यंत्रणा स्वतः तपासून प्रमाणपत्र देते. लाइट स्पोर्टमध्ये बनवणाराच सांगतो की ठरलेल्या मानकाप्रमाणे मी हे बनवलंय. म्हणून ही विमानं स्वस्त असतात आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत बनवणाऱ्याचं पत्र हातात असणं महत्त्वाचं. झोडिॲक सीएच ६०१ एक्सएल नावाचं विमान होतं. उडता उडता हवेतच त्याचे पंख तुटल्याच्या घटना घडल्या, माणसं गेली, आणि एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने ती विमानं जमिनीवर ठेवा असं सांगितलं. संशय होता फडफडीवर. पंखाच्या मागच्या कडेचं एलरॉन एका वेगाला थरथरू लागतं आणि ती थरथर वाढत जाऊन पंखच घेऊन जाते. एलरॉनच्या तारेचा ताण कमी असणं हेही त्यातलं एक कारण मानलं गेलं. तार ढिली आहे की ताठ, हे मोजायला साधं यंत्र असतं, दहा मिनिटांचं काम. म्हणून ज्या विमानात बसशील त्याच्यासाठी बनवणाऱ्याने कोणकोणती सुधारणापत्रं काढली आणि त्यांतली कोणती कामं झाली, हे लॉगबुकात दाखवा म्हणायचं. दाखवायला जो कचरतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नको.

बाहेरून फेरी मारायची ती एकाच दिशेने आणि कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून. मधे तुटलेली फेरी अर्ध्यात धरून पुढे जायचं नाही. हवेचा वेग सांगणाऱ्या बारीक नळीला, पिटोला, टोपी नसेल तर आत डोकाव. कुंभारीण माशी एका दुपारीत त्यात मातीचं घर करते आणि वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो. पावसाळ्याच्या आधी साळुंक्या इंजिनाच्या झाकणाखाली काड्या नेतात, तिथे बॅटरी मारून बघायचं. रोटॅक्सचं तेल बघताना आधी इग्निशनच्या कळा बंद आहेत ना ते दोनदा बघ. मग पंखा हाताने सावकाश फिरव, तो चालतो त्याच दिशेने, उलटा कधीच नाही. फिरवत राहायचं, टाकीतून गुडगुड आवाज येईपर्यंत. तो आवाज आला म्हणजे तेल इंजिनातून टाकीत परत आलं, तेव्हाच काडी खरं सांगते. आवाज न ऐकता काडी बघून तेल ओतणारे मी पाहिलेत, त्यांचं इंजिन नंतर तेल बाहेर फेकतं.

इंधनाचं मात्र जरा जास्त बोलावं लागेल, कारण आपल्याकडे सध्या हीच खरी गोची आहे. रोटॅक्स साध्या पेट्रोलवर चालतं, एव्हगॅसवरही चालतं. पण एव्हगॅसमध्ये शिसं असतं, त्याचा गाळ आत बसतो, तेल लवकर बदलावं लागतं. म्हणून लोकांना पंपाचं पेट्रोल सोयीचं वाटतं. अडचण अशी की कंपनीने या ९१२ मालिकेला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य केलंय आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नरडाण्याच्या हायवेवरच्या पंपावरून कॅन भरून आणायची आणि विमानात ओतायची, हे कुणी सुचवलं तर तिथेच थांब. इथेनॉल पाणी ओढतं. टाकी अर्धी रिकामी, दिवसा ऊन आणि रात्री गारवा, की आत दव धरतं. एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि इंजिनाला तेच आधी मिळतं. नळ्यांच्या रबरावर आणि टाकीच्या लेपावर काय होतं ते वेगळंच. शिवाय आपल्या उन्हात तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. नुकतंच उतरलेलं तापलेलं इंजिन बंद करून लगेच पुन्हा उडायची घाई करू नको, ते याच कारणाने.

इथेनॉल ओळखायची परीक्षा सोपी आहे. काचेच्या उभ्या नळीत चार बोटं पाणी घे, पातळीला पेनाने खूण कर. वर पेट्रोल ओत, बूच लाव, हलव, मग थोडा वेळ ठेव. खालच्या पाण्याची पातळी खुणेच्या वर गेली तर इथेनॉल पाण्यात उतरलं. किती वर गेली त्यावरून किती टक्के ते काढता येतं. आणि रोज सकाळी टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून उजेडात धरायचं. एव्हगॅस निळं असतं. पाणी असेल तर तळाशी थेंब वेगळा दिसतो, पाऱ्यासारखा हलतो. नुसतं पाणीच निघालं तर सगळंच एका रंगाचं दिसतं आणि फसायला होतं, म्हणून वासही घ्यायचा.

वजनाचा हिशेब तोंडी करू नको, कागदावर कर. रिकामं विमान ३७० किलो धर. तू आणि शिकवणारे मिळून १६०. शंभर लिटर इंधनाचे ७२. झाले ६०२, आणि मर्यादा ६०० ची. अजून पाण्याची बाटली आणि दप्तर राहिलंच. दोन आसनं आहेत म्हणजे दोन माणसं आणि भरलेली टाकी एकत्र जातील असं समजू नको, बहुतेक लहान विमानांत दोन्हीपैकी एकच जमतं.

आता ऊन. खान्देशातल्या वैशाखाचं काय सांगायचं तुला. पण विमानाला ते काय करतं हे आकड्यात समजून घे. समुद्रसपाटीला १५ अंश ही प्रमाण हवा मानतात आणि वर हजार फुटाला दोन अंश कमी. धुळं साधारण साडेआठशे फुटांवर, म्हणजे तिथे प्रमाण तापमान तेरा अंशांच्या जवळ. चैत्र-वैशाखात दुपारी पारा ४३ वर. फरक तीस अंशांचा. प्रत्येक अंशाला १२० फूट धरायचे, झाले ३६००. त्यात जमिनीची उंची मिळव, साडेचार हजारांच्या आसपास जातं. म्हणजे धुळ्याच्या धावपट्टीवर उभं असलेल्या तुझ्या विमानाला महाबळेश्वरच्या उंचीवरची विरळ हवा मिळते. इंजिनाची ताकद घटते, पंखा कमी हवा पकडतो, पंख कमी उचलतो. धाव लांबते आणि वर चढणं मंदावतं. हे सगळं एकदम होतं. विमानाच्या पुस्तकात दिलेल्या तक्त्यात तुझं तापमान नसेल तर उड्डाण नको. उन्हाळ्यात पहाटे उठ, दहाच्या आत उतर. त्यानंतर जमीन तापते, नांगरलेल्या काळ्या रानावरून गरम हवा उसळते, वावटळी उठतात. वावटळीत धूळ दिसते तोवर बरं, धूळ नसलेली वावटळ धावपट्टीवर कुणालाच दिसत नाही.

लहान विमानाचं वाऱ्याशी नातं वेगळं. हायवेवरून ट्रक बाजूने गेला की मोटारसायकल कशी ढकलली जाते आणि एसटी जागची हलत नाही, तसंच. विमान हलकं, त्यात साठलेला जोर कमी. इंजिन थांबलं की वेग फार पटकन उतरतो. जड विमानात शिकलेली अनुभवी माणसंही इथे फसतात, कारण त्यांच्या हाताला वाटतं अजून वेळ आहे. इंजिनाचा आवाज गेला की पहिली हालचाल नाक खाली, बाकी सगळं नंतर. तोंडाने म्हणत हाताला सवय लाव. आडव्या वाऱ्याचं पुस्तकात जे लिहिलंय ते चाचणी वैमानिकाने करून दाखवलेलं असतं, शिकाऊ माणसाने त्याच्या निम्म्यावर थांबावं. भुईमूग-बाजरीच्या पेरणीच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुरू होतो, साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत.

उडाल्यावर लगेच इंजिन गेलं तर मागे वळायचं नाही. हे वाक्य लिहून ठेव. मागे धावपट्टी दिसते, जीव तिकडे ओढतो. पण परत यायला नुसतं अर्धं वर्तुळ पुरत नाही, रेषेवर यायला पुन्हा उलट वळावं लागतं आणि तेवढी उंची हातात नसते. घाईने विमान कलंडवलं की पंखाला तग धरायला जास्त वेग लागतो. सरळ उडताना ४५ नॉटला पडणारं विमान साठ अंश कलंडलं तर ६३-६४ नॉटलाच पडतं. उतरताना धावपट्टीच्या रेषेत यायचं शेवटचं वळण हेही असंच. वळण चुकून पुढे गेलं तर पायाने ओढून आणू नको, सोड, वर जा, पुन्हा फेरी मार. फेरीला पैसे लागतात, लागू दे.

समोरच्या शेतात उतरायचं तर कोणतं शेत, हे जमिनीवर असतानाच ठरवायचं. शेतकऱ्याची पोर आहेस, हे तुला शहरातल्या मुलांपेक्षा सोपं जाईल. बाजरी-ज्वारी काढून झालेलं मोकळं रान सगळ्यात चांगलं. सरी असेल तर सरीच्या लांबीने उतर, आडवं नाही. आश्विनातली कपाशी कमरेपर्यंत येते आणि चाकं धरते. यावल-रावेरकडे केळी दिसली की ते शेत सोडून दे. हिरवं मऊ दिसतं, आत खोडं असतात. विहिरी आणि बांध वरून दिसतात, तारा दिसत नाहीत. तार शोधू नको, खांब शोध, दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धर. आपल्या एमआयडीसीच्या आसपास तर तारांचं जाळंच आहे. वाट ओळखायला आपला मुलूख मात्र मोठा मोकळा आहे. उत्तरेला सातपुडा, त्याच्या अलीकडे तापी, मुडावदला पांझरा तापीत मिळते तिथे कपिलेश्वराचं देऊळ, दक्षिणोत्तर जाणारा मुंबई-आग्रा रस्ता आणि त्याला नरडाण्यात छेदणारी सुरत-भुसावळ रेल्वे. एवढं डोक्यात असलं की जीपीएसची बॅटरी संपली तरी हरवणार नाहीस.

सातपुड्याबद्दल मात्र सावध. पावसाळ्यात ढग डोंगरावर टेकतात, माथा दिसत नाही, आणि वाऱ्याच्या पाठीशी असलेल्या उतारावर हवा खाली ओढते. लहान विमानाची चढण त्या ओढीपुढे पुरत नाही. १६ जुलै २०२१ ला चोपडा तालुक्यात वर्डीच्या बाजूला डोंगरात शिरपूरचं एक प्रशिक्षण विमान पडलं. शिकवणारे कॅप्टन गेले, शिकणारी मुलगी जखमी होऊन वाचली. तिथल्या आदिवासी लोकांनी तिला बाहेर काढलं, एका बाईने अंगावरचं लुगडं सोडून दिलं आणि त्याची झोळी करून तिला डोंगरातून खाली आणलं. त्या बाईचं माझ्या मनावर फार मोठं ऋण आहे. ते विमान का पडलं ते मी सांगणार नाही, ते काम तपास करणाऱ्यांचं. तू एवढं कर, विमान अपघात तपास विभागाचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात, ते वाचत जा. एकेका अहवालात त्या दिवशीचं हवामान, वजन, तास, बोलणं सगळं असतं. वाचताना ‘मी असं केलं नसतं’ असं मनात आलं की तो अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाच.

विमानाला रॉकेटवर उडणारं पॅराशूट असेल तर उड्डाणाआधी त्याची सुरक्षापिन काढायची आणि उतरल्यावर परत लावायची. हे विसरणारे बरेच. आणि पॅराशूट आहे म्हणून वाऱ्यात जायचं धाडस करायचं नाही. विमान पडल्यावर मदतीला आधी गावकरीच येतात, त्यांना या रॉकेटची माहिती नसते. शुद्धीवर असशील तर पहिलं त्यांना तिथे हात लावू नका सांग, मग इंधनाचा नळ आणि बॅटरीची कळ बंद.

शिकवणारा कसा निवडायचा? त्याने गेल्या महिन्यात किती उड्डाणं रद्द केली ते विचार. ज्याने एकही केलं नाही त्याच्याकडून विमान चालवायला शिकशील, पण थांबायला शिकणार नाहीस. हौसेसाठी शिकायचं की नोकरीसाठी हेही आत्ताच ठरव. व्यावसायिक परवान्याला दोनशे तास लागतात, हलक्या विमानावरचे तास त्यात धरतात का आणि किती, ते संस्थेकडून लेखी घे. आणि पैसे भरायच्या आधी मेडिकल करून घे. डोळ्यांत किंवा कानात काही निघालं तर फी भरून बसल्यावर कळण्यात काय अर्थ आहे?

पैशांचं मला खरंच बोलायचं आहे. तुझ्या बापाने कर्ज काढलंय आणि तुला ते माहीत आहे. मी पाहिलेल्या घाईतली बरीचशी घाई इंजिनाच्या किंवा हवेच्या कारणाने नव्हती, हप्त्याच्या कारणाने होती. महिना संपत आलाय, तास पुरे झाले नाहीत, आज ढग आहेत पण जाऊन येऊ, असं ते सुरू होतं. मी तुझ्या बापाशी बोललोय. तास लांबले, वर्षभर जास्त लागलं, तरी चालेल असं त्याने मला कबूल केलंय. तेव्हा हप्त्याचं ओझं धावपट्टीवर नेऊ नको, ते आम्हा दोघांवर सोड.

आणि घरी कधीही ‘पाच वाजता पोचते’ असं सांगू नको. पाचची वेळ दिली की साडेचारला तू ढगात शिरायला बघशील. आईला सांगायचं, हवा चांगली असेल तर आज उडेन, नसेल तर उद्या. उतरल्यावर फोन करायचा, मग रात्रीचे नऊ वाजले तरी. आणि फोन आला नाही तर कुणाला विचारायचं, तो हँगरमधला नंबर तिच्या वहीत आजच लिहून दे.